// काहून बे? कोडमधल्या कॉमेंट्सचे भन्नाट किस्से

संगणक ज्याकडे ढुंकूनही बघत नाही, असा मजकूर प्रोग्रॅमर मंडळी गेली सत्तरेक वर्षं मन लावून लिहीत आली आहेत. त्याचं नाव कॉमेंट! ओळीच्या सुरुवातीला // किंवा # अशी खूण ठोकली, की पुढचं सगळं मशीनसाठी माफ. तिथे टीप लिहा, इशारा लिहा, नाहीतर बॉसचा उद्धार करा. प्रोग्रॅम ढिम्म हलत नाही.

निदान पुस्तकात तरी असंच शिकवतात. प्रत्यक्षात या गरीब बिचाऱ्या कॉमेंटनं प्रोग्रॅम चालवलेत, पाडलेत, हॅकरांना दार उघडून दिलंय आणि चंद्रमोहिमेत जोकही मारलेत. नागपूरच्या मिहानपासून परसोडीच्या आयटी पार्कापर्यंत कीबोर्ड बडवणाऱ्या तमाम मंडळींनो, आणि कोडिंगशी काडीचा संबंध नसलेल्या राजेहो, चला, सुरू!

आधी टीप, मग संगणक

माहीत आहे का? जगातला पहिला मानला जाणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम चक्क तळटीपांमध्ये छापला गेला होता.

साल 1843. चार्ल्स बॅबेजच्या ॲनालिटिकल इंजिन या नियोजित संगणकावर लुइजी मेनाब्रेया या इटालियन इंजिनिअरनं फ्रेंचमध्ये लेख लिहिला होता. एडा लव्हलेस या बाईंनी तो इंग्रजीत आणला आणि खाली आपल्या टीपा जोडल्या. ए ते जी, एकूण सात. टीपा मूळ लेखाच्या जवळपास तिप्पट झाल्या! त्यातल्या शेवटच्या टीपेत बर्नुली संख्या काढायची कृती आहे. तोच तो पहिला प्रोग्रॅम.

बोनस: मेनाब्रेया पुढे 1867 मध्ये इटलीचे पंतप्रधान झाले. आज मात्र ते ओळखले जातात कशामुळे? एडाबाईंनी त्यांच्या लेखाखाली जे लिहिलं त्यामुळे!

खुणांची जत्रा

प्रत्येक भाषेची खूण निराळी. 1957 च्या फोरट्रानमध्ये कार्डाच्या पहिल्या रकान्यात इंग्रजी 'सी' टाकला की ती ओळ कॉमेंट. 1964 च्या बेसिकमध्ये 'रेम', म्हणजे रिमार्क. /* आणि */ ही जोडगोळी आली आयबीएमच्या पीएल/वनमधून.

आणि लाडका //? तो 1967 च्या बीसीपीएल भाषेतला. सी भाषेनं त्याला घराबाहेर ठेवलं, सी प्लस प्लसनं परत बोलावलं आणि 1999 च्या स्टँडर्डमध्ये सी भाषेनंही त्याला अधिकृत प्रवेश दिला. बत्तीस वर्षांनी घरवापसी!

सगळ्यात गोड खूण एपीएल भाषेची: ⍝. तिचं नावच 'लॅम्प'. कॉमेंट कोडवर उजेड पाडते, म्हणून दिवा. लोडशेडिंगच्या दिवसांत एपीएल शिकायला हवी होती!

700 ला 9000

कोडच्या किती ओळींना किती कॉमेंट असावी, यावर ऑफिसात तासन्‌तास मीटिंगा झडतात. आपल्याकडचा रेकॉर्ड ऐकून ठेवा. गीतेचे श्लोक 700. त्यावर ज्ञानेश्वर माउलींनी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवाशात केलेल्या टीकेच्या ओव्या सुमारे 9000. एका श्लोकामागे बारा-तेरा ओव्या!

आणि गंमत म्हणजे लोक मूळ कोडापेक्षा कॉमेंटचीच पारायणं करतात. मोडा रे कोणी हा रेकॉर्ड.

'तुम्हाला कळेल अशी अपेक्षा नाही'

प्रोग्रॅमिंगच्या इतिहासातली सगळ्यात गाजलेली कॉमेंट कोणती? युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या 1975 च्या सहाव्या आवृत्तीतली. एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे ताबा देणाऱ्या अवघड कोडावर एकच ओळ होती. मतलब असा, की हे तुम्हाला समजावं अशी आमची अपेक्षा नाही.

जगाला वाटलं, काय हा माज! युनिक्सच्या कर्त्यांपैकी डेनिस रिची यांनी पुढे खुलासा केला. सूर 'हे परीक्षेला येणार नाही' असा होता, हिणवण्याचा नव्हता. खरी मेख पुढेच. ते म्हणाले, खरी अडचण ही होती की नेमकं काय चाललंय ते आम्हालाही कळलं नव्हतं!

याच युनिक्सवर ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या जॉन लायन्स या प्राध्यापकांनी ओळीगणिक भाष्य लिहिलं. मग युनिक्सच्या मालक कंपनीच्या लायसन्सनं ते शिकवण्यावर बंदी आणली. पोरांनी काय केलं? झेरॉक्स! झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स. अखेर 1996 मध्ये ते रीतसर पुस्तक म्हणून छापलं गेलं, तोवर एक अख्खी पिढी फिकट अक्षरांवर शिकून मोकळी झाली होती.

दुसरा लायन्स आणि न लिहिलेली कॉमेंट

वाघांच्या राजधानीत बसून दोन सिंहांची गोष्ट सांगतोय. एक जॉन लायन्स झाले. आता दुसरे, फ्रेंच गणिती झाक-लुई लायन्स. साल तेच, 1996!

4 जून 1996. युरोपचं नवंकोरं एरियन 5 रॉकेट चार क्लस्टर उपग्रह घेऊन निघालं आणि सुमारे 40 सेकंदांत आकाशात फुटलं. चौकशी समितीचे अध्यक्ष हे दुसरे लायन्स. कारण सापडलं ते असं: 64 बिटांची एक संख्या 16 बिटांच्या जागेत कोंबायचा प्रयत्न झाला होता. धोका असलेले आकडे होते सात. चारांना संरक्षण दिलं होतं, तीन उघडे होते. फुटलेला आकडा या तिघांतला.

ते उघडे का ठेवले? जुन्या एरियन 4 च्या प्रवासमार्गात ते आकडे इतके मोठे होतच नसत, म्हणून. विचार करूनच घेतलेला निर्णय होता. पण हे कारण कोडमध्ये कुठेही लिहिलेलं नाही, अशी नोंद समितीनं अहवालात केली. नव्या रॉकेटचा मार्ग वेगळा होता आणि कोड मात्र जुनाच उचलला होता.

आणखी एक चिमटा: तो कोड कोणत्या भाषेत होता माहीत आहे का? एडा! टीपांच्या महाराणीच्या नावाची भाषा, आणि नेमकी टीपच गायब.

इथेच सगळ्या कॉमेंटशास्त्राचा मंत्र आहे आणि तो अस्सल नागपुरी आहे. कोड सांगतो 'काय'. कॉमेंटनं सांगावं 'काहून'!

आयटी पार्कातला लाइव्ह डेमो

मंत्र समजला नाही? गायत्रीनगरच्या आयटी पार्क रोडवर संध्याकाळी एखाद्या ठेल्याजवळ कान देऊन उभे राहा. संवाद साधारण असा असतो:

"काहून बे, इथं तीन सेकंद थांबाले काहून लावलं कोडले?"

"माहीत नाही ना भाऊ. काढलं का सगळं बंद पडते."

"कोणी लिहिलं?"

"तो गेला न पुण्याले."

झालं! तीन सेकंदांचं ते थांबणं आता अमर. सर्व्हर बदलतील, मॅनेजर बदलतील, त्या ओळीला हात लावायची कोणाची टाप नाही. आणि हे सगळं कशानं टळलं असतं? 'पलीकडचं जुनं मशीन उत्तर द्यायला अडीच सेकंद घेतं, म्हणून' एवढ्या एका ओळीनं!

आता अगदी जवळून बघा. समजा, कळमना मार्केटमधल्या संत्र्यांच्या पेट्या मोजायचा प्रोग्रॅम आहे. एक जण लिहितो:

पेट्या = पेट्या + 1  # पेट्यांमध्ये एक मिळवा

अरे, ते दिसतंय की! दुसरी लिहिते:

पेट्या = पेट्या + 1  # नमुन्याची फोडलेली पेटी पावतीवर नसते, म्हणून

ओळ तीच, पण दुसरीनं पुढच्या माणसाची अख्खी दुपार वाचवली. कॉमेंट म्हणजे पोह्यांवरची तर्री: नसेल तर घास उतरत नाही, फार झाली तर पोहेच दिसत नाहीत.

रामटेकचा बग

कॉमेंट चुकली तर काय होतं, याचं उत्तम उदाहरण नागपूरपासून सुमारे 50 किलोमीटरवर उभं आहे. रामटेक!

कालिदासाच्या मेघदूतातला यक्ष रामगिरीवर राहत होता. रामगिरी म्हणजे कोणता डोंगर? मूळ काव्यात पत्ता नाही. मग आले मल्लिनाथ, संस्कृत टीकाकारांचे सुपरस्टार. त्यांनी पहिल्याच श्लोकावर कॉमेंट टाकली: रामगिरी म्हणजे चित्रकूट. शेकडो वर्षं पंडित तेच घोकत राहिले.

पुढे नागपूरच्या महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशींनी कॉमेंट बाजूला सारली आणि थेट मूळ कोड वाचला. मेघाचा प्रवासमार्ग, नद्या, वाकाटकांचे लेख असे पुरावे मांडले आणि दावा ठोकला, की रामगिरी म्हणजे आपलं रामटेक!

गंमत बघा. निराधार काही लिहिणार नाही आणि अनावश्यक काही बोलणार नाही, ही तर मल्लिनाथांची जाहीर प्रतिज्ञा. कॉमेंटची याहून चांगली गाइडलाइन कुठल्याच कंपनीनं काढलेली नाही. तरी मिराशींच्या हिशेबानं पत्ता चुकलाच! कोड चुकला तर मशीन लगेच बोंबलतं. कॉमेंट चुकली तर कोणी हूं की चूं करत नाही. म्हणून कोड बदलला की वरची टीपही बदला राजेहो.

चंद्रावर जाताना थट्टा

माहीत आहे का? अपोलो 11 च्या चांद्रयानाच्या कोडमध्ये अंतराळवीराला उद्देशून कॉमेंट आहे, की बाबा रे, तेवढं ते येडं यंत्र जरा फिरव! 'ते यंत्र' म्हणजे उतरताना वापरायच्या रडारचा अँटेना. पुढची कॉमेंट काय? तो थापा तर मारत नाही ना, ते तपासा!

त्याच यानाच्या कोडमध्ये आणखी दोन ओळींवर शेरा आहे: हे तात्पुरतं आहे, अशी आशा, आशा, आशा. तीनदा! आणि ते 'तात्पुरतं' तसंच चंद्रावर उतरलं. आपल्या शहरातल्या 'तात्पुरत्या' डायव्हर्जनांची आठवण झाली असेल तर तो निव्वळ योगायोग समजावा.

2016 मध्ये हा कोड गिटहबवर आला आणि जगभरच्या प्रोग्रॅमरांनी त्यावर उड्या टाकल्या. पण एक ट्विस्ट आहे. यानाच्या मेमरीत फक्त मशीनचा कोड जाई, आणि तोही कारखान्यात हातानं विणलेल्या तारांमध्ये. म्हणजे कोड चंद्रावर पोचला, जोक मात्र पृथ्वीवरच राहिले.

शिवीगाळ विभाग (फक्त प्रौढांसाठी)

क्वेक 3 हा 1999 चा धडाकेबाज गेम. त्याचा कोड 2005 मध्ये खुला झाला तेव्हा एक फंक्शन जगभर गाजलं. वर्गमुळाचा व्यस्त झटपट काढायची ती युक्ती. मधोमध एक विचित्र आकडा, आणि शेजारच्या कॉमेंटमध्ये इंग्रजीतली चार अक्षरी शिवी. भावार्थ: हे काय चाललंय रे! गेमचे जनक जॉन कार्मॅक यांनी सांगितलं, की ती युक्ती माझी नाही. बाप कोण, यावर मग वर्षानुवर्षं शोधपत्रकारिता चालली.

1998 मध्ये नेटस्केपनं आपल्या ब्राउझरचा कोड जगाला वाटायचं ठरवलं. वाटण्याआधी इंजिनिअरांना कोणतं काम लागलं? कॉमेंट्समधल्या शिव्या वेचून काढायचं! पाहुणे येणार म्हटल्यावर झाडलोट आलीच.

आणि लिनक्स? 2018 मध्ये एका इंजिनिअरनं प्रस्ताव धाडला, की कॉमेंट्समधल्या त्याच चार अक्षरी शिवीच्या जागी 'हग' लिहा. मिठी! वाक्यांची जी दशा झाली, ती वाचून लोक खुर्चीतून पडले. मिठीचा असा वापर मुन्नाभाईनंही केला नसेल.

कोणी काय केलं?

मायक्रोसॉफ्टचं पहिलं प्रॉडक्ट 1975 चं अल्टेअर बेसिक. कंपनीला पन्नास वर्षं झाली म्हणून बिल गेट्स यांनी 2025 मध्ये त्याच्या कोडचा कागद न् कागद खुला केला. सुरुवातीलाच कॉमेंट आहे: अमुक भाग पॉल ॲलननं लिहिला, तमुक भाग बिल गेट्सनं, गणिताचं पॅकेज माँटे डेव्हिडॉफनं. ग्रुप प्रोजेक्टमध्ये 'मी एकट्यानंच केलं' म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी!

कोबोल भाषेचा थाट तर त्याहून वरचढ. प्रोग्रॅम सुरू होण्याआधी लेखक कोण, लिहिला कधी, यासाठी वेगळे रकानेच ठेवलेले. अगदी सातबाऱ्यासारखी नोंद!

श्शू... मशीन चोरून वाचतंय

'मशीन कॉमेंट वाचत नाही' असं कोणी म्हणालं, तर त्याला हे ऐकवा.

युनिक्स-लिनक्समधल्या स्क्रिप्टची पहिली ओळ #! अशी असते. स्क्रिप्टला ती कॉमेंट, पण ऑपरेटिंग सिस्टिमला हुकूम: ही फाइल अमक्याकडून चालवून घे.

ओरॅकल डेटाबेसमध्ये /*+ असं लिहून सल्ला देता येतो, की हा इंडेक्स वापर. स्पेलिंग चुकलं तर एरर येत नाही. शेवटी कॉमेंटच ती, गुपचूप दुर्लक्ष! तज्ज्ञ मग रात्रभर डोकं धरून बसतात.

मायएसक्यूएलमध्ये /*! असं लिहिलं की आतला मजकूर चक्क चालतो. दुसऱ्या कुठल्या डेटाबेसला ती कॉमेंट, मायएसक्यूएलला आदेश. एकाच ओळीचे दोन चेहरे.

आणि 2017 च्या जीसीसी 7 कंपायलरची कमाल बघा. 'स्विच'मधल्या एका केसमधून पुढच्या केसमध्ये मुद्दाम घसरायचं असेल, तर तो ताकीद देतो. पण 'फॉल थ्रू' अशी कॉमेंट दिसली की गप्प! मराठीत 'जाऊ दे पुढं' लिहून चालत नाही. इंग्रजीच लागतं साहेबांना.

1 केबीतला चोरकप्पा

1981 चा झेडएक्स81 हा घरगुती संगणक. मेमरी किती? 1 केबी. हो, केबी! तिथे वेगवान मशीन कोड ठेवायला सोयीची जागाच नव्हती. मग पोरांनी शक्कल लढवली. प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत 'रेम' लिहायचं आणि त्या कॉमेंटच्या पोटात मशीन कोड दडवायचा. बेसिक म्हणायचं, ही कॉमेंट, मी नाही बघत. आणि 16514 या पत्त्यावर उडी मारली की तीच कॉमेंट धावायला लागायची. दिसायला टीप, आतून खरा प्रोग्रॅम!

मराठीत कॉमेंट? एरर!

हा तर आपल्या घरचाच किस्सा. पायथॉन 2 च्या जमान्यात कोणी हौसेनं # टाकून पुढे 'इथे बेरीज होते' असं देवनागरीत लिहिलं, की प्रोग्रॅम सुरूच होत नसे. सिंटॅक्स एरर! अरे, कॉमेंट आहे ना ती? असेल, पण अक्षरं ओळखीची नाहीत.

उपाय काय? फाइलच्या पहिल्या किंवा दुसऱ्या ओळीत 'ही फाइल यूटीएफ-8 आहे' असं सांगायचं. ते कुठे लिहायचं? कॉमेंटमध्ये! म्हणजे एक कॉमेंट चालावी म्हणून दुसरी कॉमेंट. पायथॉन 3 आला आणि ही कटकट गेली. पायथॉन 2 ला तर 1 जानेवारी 2020 पासून निवृत्तीच मिळाली.

आता तर व्हेरिएबलचं नावही मराठीत चालतं. वरचा 'पेट्या'वाला कोड गंमत म्हणून लिहिलाय असं वाटलं? आधी पेट्या = 0 लिहा आणि चालवून बघा. पायथॉन 3 मुकाट्यानं बेरीज करतो!

आणखी चक्रावणारं सांगू? वापरणाऱ्यानं '१२' असं देवनागरीत टाइप केलं आणि तुम्ही त्याचा पूर्णांक करायला सांगितलं, तर पायथॉन बरोब्बर बारा समजतो. पण तुम्हीच कोडमध्ये थेट १२ लिहिलं तर एरर. पाहुण्याला जे माफ, ते घरच्याला नाही!

नागपूरचं वजन किती?

इंग्रजी लिपीत नागपूर लिहा: सहा अक्षरं, सहा बाइट. देवनागरीत लिहा: न, काना, ग, प, दीर्घ ऊकार, र. इथेही सहाच चिन्हं! पण यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. एकूण 18. म्हणजे त्या झेडएक्स81 च्या 1 केबीत सगळं सोडून नुसतं 'नागपूर' कोंबलं असतं, तर 56 वेळा मावलं असतं.

पण देवनागरी कॉम्प्युटरवर आली तरी कशी? डॉसच्या काळात सी-डॅकच्या जिस्ट तंत्रज्ञानानं भारतीय लिप्या पडद्यावर उमटवल्या. युनिकोडमधली देवनागरीची मांडणीही इस्की या भारतीय प्रमाणावरूनच बेतलेली आहे. आणि पुण्यात 1988 मध्ये सुरू झालेल्या सी-डॅकचे संस्थापक संचालक, परम सुपरकॉम्प्युटरवाले विजय भटकर कुठले? अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. इंजिनिअरिंग कुठे केलं? नागपूरच्या व्हीआरसीईत, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीत. कॉलर टाइट करायला हरकत नाही!

कॉमेंटचे घातपात

सी भाषेत कॉमेंट लिहिली: // फाइल इथे ठेवली आहे, डी:\नागपूर\

निरागस दिसते ना? शेवटचा बॅकस्लॅश बघा. सी भाषेत त्याचा अर्थ 'ओळ संपली नाही, पुढे चालू'. त्यामुळे खालची कोडची ओळ कॉमेंटमध्ये गडप! प्रोग्रॅम चालतो, पण एक ओळ गायब.

जावाची तऱ्हा और. तिथे बॅकस्लॅशनंतर छोट्या लिपीतला इंग्रजी 'यू' आला, की जावाला वाटतं आता युनिकोडचा आकडा येणार. त्यामुळे विंडोजच्या 'यूझर्स' फोल्डरचा पत्ता कॉमेंटमध्ये छोट्या लिपीत लिहिला तरी कंपाइल होत नाही. टीपेमुळे नापास!

तिसरा बळी दर पाच मिनिटांनी चालणाऱ्या कामाचा. क्रॉन या वेळापत्रकवाल्या प्रोग्रॅममध्ये ते */5 असं लिहितात. हे /* */ च्या आत समजावून सांगायला गेलात, की त्या */ पाशी कॉमेंटच संपते आणि उरलेलं भाष्य कोड म्हणून अंगावर येतं.

आणि खरा घातपात? नोव्हेंबर 2021 मध्ये केंब्रिजच्या निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन यांनी दाखवून दिला. उर्दू-अरबीसारख्या उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिप्यांसाठी युनिकोडमध्ये अदृश्य चिन्हं असतात. ती कॉमेंटमध्ये पेरली तर माणसाला दिसतं एक आणि कंपायलर वाचतो भलतंच. नाव ठेवलं 'ट्रोजन सोर्स'.

कॉमेंटला नो एंट्री

जेसॉन हा डेटा पाठवायचा फॉरमॅट. मोबाइलमधलं बहुतेक प्रत्येक ॲप तो वापरतं. त्यात कॉमेंट लिहिता येत नाही. काहून? त्याचे कर्ते डग्लस क्रॉकफर्ड यांनी ती मुद्दाम काढली. लोक कॉमेंटमध्ये मशीनसाठी सूचना घुसवायला लागले होते. वर्गातल्या दोघांनी दंगा केला आणि पिकनिक सगळ्यांची रद्द!

कृपया, मेहेरबानी करून

1972 ची इंटरकॅल ही गमतीची भाषा. हिच्यात ठरावीक प्रमाणात 'प्लीज' म्हणावंच लागतं. पाचातून एकापेक्षा कमी वेळा म्हणालात, तर कंपायलर म्हणतो, उद्धट! तिनातून एकापेक्षा जास्त वेळा म्हणालात, तर म्हणतो, फार लाळघोटेपणा करता! दोन्हीकडे प्रोग्रॅम परत. पुणे आणि लखनौच्या बरोब्बर मध्ये, म्हणजे झीरो माइलच्या आसपास राहायचं.

आणि कॉमेंट? 'प्लीज नोट' असं लिहून सुरू करायची. इंग्रजी 'नोट'च्या पहिल्या तीन अक्षरांत दडलाय 'नॉट', म्हणजे ही ओळ चालवू नको!

सगळंच कॉमेंट

1 एप्रिल 2003 ला (तारीख नीट वाचा!) व्हाइटस्पेस ही भाषा आली. हिला फक्त स्पेस, टॅब आणि नवी ओळ एवढंच कळतं. बाकी जे काही दिसतं ते सगळं कॉमेंट. म्हणजे या लेखातल्या शब्दांच्या मधल्या फटींत एखादा प्रोग्रॅम लपवता येईल. शोधत बसू नका, नाहीये.

बरोब्बर उलट टोकाला डोनाल्ड क्नुथ. 1984 मध्ये त्यांनी मांडलं, की आधी माणसासाठी निबंध लिहा आणि कोड त्यात अधूनमधून येऊ द्या. टेक हे त्यांचं छपाईचं सॉफ्टवेअर याच पद्धतीनं लिहिलंय. एकाच फाइलमधून मशीनला प्रोग्रॅम मिळतो आणि माणसाला पुस्तक. त्यांच्या पुस्तकातली चूक दाखवली की 2.56 डॉलरचा चेक मिळायचा. 256 सेंट, म्हणजे सोळावर आधारलेल्या मोजणीतला एक 'डॉलर'. लोक तो वटवत नसत, फ्रेम करून भिंतीवर लावत!

आणि आता उलटी गंगा

2021 मध्ये गिटहब कोपायलट आला आणि खेळच पालटला. तुम्ही फक्त कॉमेंट लिहा, 'या यादीतले डुप्लिकेट काढ', आणि खाली कोड आपोआप हजर! आधी कोड आणि मग वेळ उरला तर कॉमेंट, ही रीत गेली. आता कॉमेंट पुढे, कोड मागे.

यात एक मेख आहे. एआय जुन्या कॉमेंटसुद्धा खऱ्या मानून चालतं. तीन वर्षांपूर्वीची शिळी टीप तशीच राहिली असेल, तर तिच्यावरून ते आत्मविश्वासानं चुकीचा कोड लिहून देईल आणि वर 'आणखी काही मदत हवी का?' असंही विचारेल.

तेव्हा राजेहो, पुढची कॉमेंट टाकताना 'काय' नको, 'काहून' लिहा. तारीख टाका, शिळी ओळ खोडा, आणि जमलं तर शिव्या जरा बेतानं. वाचक वाढलेत!